उकंडरावचं हजारावं पान

पहिलेच सांगून ठेवतो राजेहो, मले त्या मोबाईलवरच्या पानापिनाचा भल्ला राग होता. होता म्हणतो, आहे म्हणत नाही. काऊन, ते पुढं समजेल तुमाले.

माहं नाव कचरू. धामणगाव बढेले माहं खता-औषधाचं दुकान आहे, बत्तीस वर्षं झाले. अन् ज्याची गोष्ट सांगून राह्यलो तो माहा दोस्त उकंडा. उकंडराव हे त्यानं मोबाईलवर स्वतःच चिकटवलेलं, गावात त्याले उकंडाच म्हणतात. आमची दोघाची नावं ऐकून बाहेरचे लोक हसतात. हसू द्या. आमच्या दोघाच्याही मायची आधीची लेकरं जगली नव्हती. मंग रीत अशी, की पोर झालं का त्याले घडीभर उकिरड्यावर ठेवाचं, शेजारणीनं सुपात उचलून आणाचं अन् मूठभर ज्वारीत मायले परत विकाचं. असं फेकून दिलेलं पोर मरणाच्याही नजरेत भरत नाही म्हणे. तो उकंडा झाला, मी कचरू. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो तं गुरुजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "वा! उकिरडा अन् कचरा एकाच जागी! आता झाडू कोण आणते?" सारा वर्ग हसला. मीही हसलो, मले हसू लवकर येते. उकंडा हसला नाही. आज एकसष्ट वर्षाचा झाला लेकाचा, पण तो वर्ग अजून त्याच्या कानात हसून राह्यला.

माणूस हुशार, हे मीच सांगतो. चार एकर वावर आहे, अन् एक वही आहे. कोण्या तारखेले काय पेरलं, काय फवारलं, कितव्या दिवशी पान हिरवं झालं, कोणं काय सल्ला दिला, सारं लिहून ठेवते. पण ऐकते कोण? ग्रामसभेत हात वर केला की कोणी तरी म्हणे, "बस रे उकंड्या." तो बसे. घरी पोरगा ज्ञानेश्वर, पुण्याले नोकरीले आहे, तो म्हणे, "बाबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही." तिथंही तो बसे. सारी जिंदगी हा माणूस अर्धा उठून खाली बसत आला.

चार वर्षाआधी ज्ञानेश्वरनं आपला जुना मोबाईल त्याले दिला. त्यात शेतकऱ्यांचं एक ॲप होतं, 'बांधावरची चर्चा' नावाचं. बांध म्हणजे आपला धुरा. कोणी तरी विचाराचं की माह्या तुरीले हे काय झालं, ज्याले येते त्यानं उत्तर द्याचं. उत्तर कामाचं वाटलं की खाली एक हिरवं पान असते, ते दाबाचं. तुमच्या नावापुढं पानं जमा होत जातात. शंभर झाली की 'रोप', पाचशे झाली की 'झाड' अन् हजार झाली की 'वटवृक्ष'. नावापुढं सोनेरी वड येते म्हणे. मी म्हटलं, "अबे, वड येते तं सावली येते का? का वटपौर्णिमेले बाया फेऱ्या माराले येतीन तुह्याभोवती?"

त्यानं माह्याकडे पाह्यलंही नाही. तो टाइप करून राह्यला होता, एका बोटानं.

सुरुवातीलेच कोण्या पुण्याच्या माणसानं त्याले विचारलं होतं, 'उकंडराव हे खरंच नाव आहे की गंमत?' मले वाटलं झालं, आता हा मोबाईल विहिरीत फेकते. पण गड्यानं लिहिलं, 'खरंच आहे साहेब. पिकाले खत लागते ते उकिरड्यावरूनच येते.' घंटाभरात चाळीस पानं! दुकानात येऊन त्यानं ते मले चार वेळा वाचून दाखवलं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्यालेही वाचून दाखवलं. तेव्हापासून त्याचं बूड काही एका जागी टेकलं नाही. डवरणीले गेला तं तासाच्या, म्हणजे पिकाच्या ओळीच्या, टोकाले थांबून मोबाईल पाहे. जेवता जेवता उठून पायरीवर जाये, घरात रेंज येत नाही म्हणून. गीतावहिनी म्हणे, "भाऊजी, ह्यायले लग्नात जेवढी घाई नव्हती तेवढी त्या पानायची आहे."

पण एक सांगतो. दुसऱ्याले पान देण्यात तो एकदम कंजूस. चार वर्षात त्यानं सात पानं दिली, मोजून सात. मी म्हटलं, "दाब ना बे, तुह्या बापाचं काय जाते?" तं म्हणे, "वावरात करून पाह्यल्याशिवाय मी पान देत नाही. पान म्हणजे सही आहे, कचऱ्या."

ह्या जुलैत त्याची पानं नऊशेवर गेली. ॲपवाल्यायचा फोन आला. अनुपमा नावाच्या मॅडम होत्या, गोड बोलणं. म्हणे, जिल्ह्यातले पहिले वटवृक्ष तुम्हीच होणार असं दिसतंय काका. खामगावला रविवारी मेळावा आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत हजार झाली तर तिथंच फेटा, शाल अन् मानपत्र. मानपत्रावर नाव काय लिहू?

"उकंडराव," त्यानं सांगितलं. मंग मले विचारलं, "राव जोडून लिहितात का तोडून?"

ज्ञानेश्वरनं पुण्यातून फोन केला की मी सुट्टी काढून येतोय, गाडी घेऊन येतोय, तुमचा फेटा बघायला. ज्या पोरानं बापाचं कधी काही ऐकून घेतलं नव्हतं, त्यानं आपल्या ऑफिसातल्या लोकायले बापाचं नाव दाखवलं म्हणे. हे सांगताना उकंडाचा आवाज असा झाला की मी उगीच बिलबुकात डोकं घातलं.

मंगळवारी सकाळी तो दुकानात आला. नऊशे एक्क्याण्णव झाली होती. मी म्हटलं आता आकडा सांगन. पण नाही. काउंटरच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन चकरा मारल्या अन् मोबाईल माह्यासमोर धरला.

लोणार तालुक्यातल्या बीबीच्या एका बाईचा निरोप होता, पुष्पांजली नावाची. नवरा ट्रकवर असतो, तीन एकराचं वावर मीच पाहते, असं तिनं मागं एकदा लिहिलं होतं. आता लिहिलं होतं, 'काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पंपाला दोन टोपणं टाकली. सोयाबीन करपलं. माझंच काही चुकलं का?' खाली फोटो होता. सोयाबीन तांबूस पडलेलं, शेंडे वळलेले. अन् धुऱ्यावर गवत मारणाऱ्या औषधाची बाटली उभी. लिटरची.

आता हे टोपणाचं तुमाले सांगावं लागते. औषधाचं माप मिलीत असते, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असते. पण वावरात कोण वाचते? आमच्याकडं सारे टोपणानं मोजतात. बाटलीचं झाकण तेच माप, 'पंपाले एक टोपण', 'पंपाले दोन टोपणं'; पंप म्हणजे पाठीवरचा, फवारणीचा. उकंडाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर तेच होतं, सोयाबीनमधल्या गवताले दोन टोपणं. त्या एका उत्तरालेच दोनशेच्या वर पानं होती. त्याच्या वहीत होतं, त्याच्या वावरात नऊ वर्षं जमलं होतं. पण तो पाव लिटरची लहान बाटली नेत होता.

"कचऱ्या, लहान बाटलीचं टोपण दे, अन् लिटरच्या बाटलीचं."

मी दिली. त्यानं मापाचा पेला मागितला. असे पेले माह्याकडं एक खोकं भरून पडले होते, कंपनीवाले देऊन जातात, कोणी मागत नाही म्हणून मीही देत नाही. धूळ पुसून एक दिला. उकंडानं लहान टोपणात पाणी भरलं, पेल्यात ओतलं. बारा मिली. मोठ्या टोपणात भरलं, ओतलं. सव्वीस.

पंपाले औषध लागते पंचवीस. म्हणजे लहानाची दोन बरोबर. अन् मोठ्याची दोन म्हणजे बावन्न, दुपटीच्या वर.

त्यानं पुन्हा मोजलं. मंग तिसऱ्यांदा मोजलं. मंग एकदम माह्याकडं पाहून म्हणे, "दोन टोपणं मले कोणं सांगितली होती बे?"

कोणं सांगितली होती? मीच! आणखी कोण सांगन? बत्तीस वर्षं प्रत्येकाले मी तेच सांगत आलो. पण दुकान माहं, लायसन माहं, अन् बाहेर दोन गिऱ्हाईकं उभी. मी म्हटलं, "मले काय माहीत? कोण्या कंपनीवाल्यानं सांगितलं असन."

"असन," तो म्हणाला अन् बाहेर पडला.

संध्याकाळी पुन्हा आला. मी म्हटलं, "सोपं आहे, ते उत्तर दुरुस्त कर." तेव्हा त्यानं सांगितलं तिथली गोम. तिथं उत्तर बदललं की त्या उत्तराची जमलेली सारी पानं गळून जातात. पानं एका गोष्टीवर घेतली अन् मंग गोष्टच बदलली, असं कोणी करू नये म्हणून तो नियम. म्हणजे दुरुस्त केलं की दोनशे गेली. रविवार गेला. फेटा गेला. अन् पुण्याहून येणारं पोरगं बापाचं काय पाहाले येणार?

"मंग असं कर, खाली एक ओळ टाक. दुरुस्तीही झाली अन् पानंही राह्यली. सोमवारी बदल वरचं."

मीच सुचवलं हे. कोणाचं भलं पाहून सुचवलं, ते माहं मले ठाऊक. त्यानं खाली लिहिलं, 'टोपण लहान बाटलीचं घ्यावं.' पण त्या बाईले काय उत्तर द्यावं हे काही त्याले उमजेना. 'माझंच काही चुकलं का' म्हणते ती! तिले हो म्हणावं तं पाप, नाही म्हणावं तं रविवार जाते. बुधवारी त्यानं तिचा निरोप उघडून पाह्यला, मिटला. गुरुवारी पाच-सहादा पाह्यला. वहिनी म्हणे जेवण अर्धं टाकून उठतात, बैलाले पाणी दाखवाले जातात अन् बादली तिथंच विसरून येतात. शुक्रवारी माह्या दुकानासमोरून तो चार वेळा गेला, एकदाही आत आला नाही. पानं मात्र येतच होती. नऊशे पंच्याण्णव, नऊशे अठ्ठ्याण्णव. त्यातली बरीच त्याच उत्तराले, कारण फवारणीचे दिवस अन् सारे तेच शोधून राह्यले होते.

शनिवारी दुपारी ज्ञानेश्वर आला. नवा शर्ट, नवी गाडी. बापासाठी सदरा-पायजमा आणला होता इस्त्रीचा. मले पण बोलावलं चहाले. आम्ही ओसरीवर बसलो होतो, उकंडा पायरीवर मोबाईल धरून. एकाएकी मोबाईल टणटण वाजला अन् पडद्यावर सोनेरी वड आला. हजार!

"बाबा!" ज्ञानेश्वर उठला, वाकून बापाच्या पाया पडला. वहिनीनं साखर आणाले आत धाव घेतली. मी पण, काय सांगू, मीही टाळ्या वाजवल्या. उकंडा मात्र पडद्याकडं पाहत होता. हजारावं पान कोणं दिलं, ते वाचून राह्यला होता.

मंग त्यानं मोठ्यानं वाचलं. "धन्यवाद. गावात लिटरचीच बाटली मिळाली. दोन टोपणं लक्षात ठेवली. उद्या सकाळी मारतो. भागवत, जलंब."

खालची ओळ भागवतनं वाचली नव्हती. कोणीच वाचत नाही. वरचं वाचतात, पान दाबतात अन् चालले जातात.

उकंडानं सारं पोराले सांगितलं, बाईच्या निरोपापासून. ज्ञानेश्वर ऐकत होता अन् त्याचं तोंड उतरत होतं. "बाबा, त्या एका माणसाला मेसेज करा ना. उत्तर सोमवारी बदला. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. मी तिकडे सगळ्यांना सांगून आलोय."

"आत्ताच केला मेसेज. त्यानं पाह्यला नाही."

"मग पाहील."

"अन् नाही पाह्यला तं? अन् दुसरा कोणी वाचून राह्यला असन तं?" उकंडा उठून उभा राह्यला. ह्या खेपेले अर्धा नाही, पुरा उठला. "बाईले मी चार दिवस उत्तर दिलं नाही, ज्ञाना. चार दिवस! तिनं विचारलं माहं चुकलं का, अन् मी फेट्यापायी चुप बसलो. हलकट आहो मी."

अन् एका बोटानं त्यानं ते उत्तर पुसलं. आमच्या डोळ्यांदेखत. नवीन लिहिलं, मले पाठ आहे ते. 'लहान बाटलीचं टोपण बारा मिली, लिटरच्या बाटलीचं सव्वीस. मी न मोजता दोन टोपणं सांगितली. टोपणानं मोजू नका, पेल्यानं मोजा, पंपाले पंचवीस मिली. चूक माझी आहे. ज्याचं पीक करपलं त्यानं मले बोलावं.'

बटण दाबलं. दोनशे सतरा पानं गळाली. हजाराचे सातशे त्र्याऐंशी झाले, वड गेला, झाड आलं.

मी काय केलं माहीत आहे? मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाह्यलं, त्यात माहं नाव आहे का. नव्हतं. मले हायसं वाटलं. लाज वाटाले पाहिजे होती, पण हायसं वाटलं.

मंग त्यानं बीबीच्या बाईले लिहिलं, 'ताई, तुमचं काही चुकलं नाही. माहं चुकलं.' दहा मिनिटात अनुपमा मॅडमचा फोन. "काका, चुकून बटण दाबलं का? घाबरू नका, आम्ही इथून पानं परत आणू शकतो. आत्ता आणते."

ज्ञानेश्वरनं आशेनं बापाकडं पाह्यलं. वहिनी साखरेची वाटी हातात धरून दारात उभी होती.

"चुकून नाही मॅडम," उकंडा म्हणाला, "समजून दाबलं."

भागवतचं काही उत्तर आलं नाही. रविवारी उजाडाले उकंडा माह्या दारात. "चाल, जलंबले. मोटारसायकल काढ." मी काही म्हणाच्या आधी मागून गाडीचा हॉर्न वाजला. ज्ञानेश्वर होता, रात्री बापाशी एक शब्द बोलला नव्हता म्हणे. "बसा दोघंही," तो म्हणाला. उकंडानं वही बगलेत धरली होती, मी मापाचे दोन पेले खिशात टाकले होते. मोताळा गेलं, नांदुरा गेलं. उकंडा दर दोन मिनिटाले म्हणे, "जरा जोरानं घे ना बापू."

जलंबले चहाच्या टपरीवर विचारलं तं तीन भागवत निघाले. एक म्हातारा, एक मुंबईले. तिसऱ्याचं सोयाबीन रेल्वेपटरीच्या बाजूनं होतं. गाडी कच्च्या रस्त्यावर घातली. उकंडा गाडी पुरी थांबाच्या आधी उतरला अन् पळाले लागला. एकसष्ट वर्षाचा माणूस, चिखलाच्या तासातून, एक चप्पल मागं राह्यली.

धुऱ्यावर एक तिशीतला माणूस पंपात पाणी भरत होता. हातात टोपण. मोठं.

"ते टोपण ठेव खाली! ठेव म्हणतो ना बे!"

तो बिचारा दचकून दोन पावलं मागं सरला. "कोण तुम्ही?"

"मी उकंडराव."

"कोण उकंडराव?"

खरंच सांगतो, हसावं का रडावं मले समजेना. हजारावं पान ज्यानं दिलं त्याले नावच माहीत नव्हतं! उकंडा धापा टाकत सांगून राह्यला, मोबाईलवर, दोन टोपणं, काल तुम्ही पान दाबलं... भागवत म्हणाला, "हाव, ते दाबलं मी. मले वाटलं कोणी मोठे साहेब असतीन." मंग त्यानं पेल्यात मोजून पाह्यलं अन् हातातलं टोपण टाकून दिलं. "एक पंप मारून झाला हो काका. आताच. ते तिकडचे आठ तास, त्या पुऱ्या ओळी."

उकंडानं त्याले विचारलंही नाही. पंप उचलला, आतलं औषधाचं पाणी रिकाम्या ड्रमात ओतलं, तीनदा धुतला, नुसतं पाणी भरलं अन् पाठीवर घेतला. "ओलं आहे तोवर धुवून काढू. वाचलं तं वाचलं." अन् त्या आठ तासावर तो पाणी फवारत चालला. एक पंप संपला की दुसरा. भागवत बादल्या आणे. जरा वेळानं पाह्यलं तं ज्ञानेश्वर नव्या शर्टाच्या बाह्या सारून विहिरीवरून पाणी आणून राह्यला होता.

मी गुडघ्याचं दुखणं घेऊन धुऱ्यावर बसलो. बाजूले वही पडली होती. चाळा म्हणून उघडली. नऊ वर्षं मागची पानं पलटवत गेलो. जुलै महिना, वीस तारीख, त्याच्या गोल अक्षरात लिहिलेलं. 'सोयाबीनच्या गवताले पंपाले दोन टोपणं. कचरू म्हणे.'

कचरू म्हणे! म्हणजे मंगळवारी दुकानात त्यानं विचारलं तेव्हाच त्याले माहीत होतं. वही तं बगलेतच राह्यते त्याच्या. मी खोटं बोलताना त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् 'असन' म्हणून चालला गेला. अन् शनिवारी साऱ्या दुनियेसमोर लिहिलं, चूक माझी आहे. माहं नाव नाही, दुकानाचं नाही, एक अक्षर नाही. मले तिथं मातीत तोंड खुपसावं वाटलं, राजेहो.

साडेअकराले ज्ञानेश्वरचा फोन वाजला. अनुपमा मॅडम होत्या, मागून मेळाव्याचा भोंगा ऐकू येत होता. काका आले असतील तर निदान समोर बसवते, म्हणत होत्या. ज्ञानेश्वरनं वावरात पाह्यलं. बाप पाठीवर पंप घेऊन सातव्या तासात होता, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

"नाही येत मॅडम," तो म्हणाला. "बाबा फवारून राह्यले." पाच वर्षं पुण्याची भाषा बोलणारं पोरगं, त्याले स्वतःलेही समजलं नाही तो काय बोलला.

भागवतचे पाच तास वाचले, तीन गेले. बीबीच्या बाईचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'काका, माझं दीड एकर गेलं. राग आला आहे, खोटं कशाला बोलू. माझं पान गळालं ते मी परत देणार नाही. पण तुम्ही सांगितलं हे बरं केलं, घरचे मलाच बोलत होते. आता त्या दीड एकरात काय पेरू ते सांगा, आणि माप मिलीत सांगा.' उकंडानं ते माह्यासमोर वाचलं, डोळे पुसले अन् लगेच उत्तर लिहाले बसला. पूर्ण घंटाभर लिहीत होता, वही चाळून चाळून.

मले मात्र चैन पडेना. गिऱ्हाईक यावं, बाटली द्यावी, अन् जीभ आपसूक म्हणे, "पंपाले दोन..." की माहं मलेच चावल्यासारखं होये. पेल्याचं खोकं काउंटरवर आणून ठेवलं, प्रत्येक बाटलीसंग एक द्याले लागलो. तरी नाही. चार दिवस मी दुकानातल्या दुकानात चकरा मारल्या. पाचव्या दिवशी ज्ञानेश्वरले फोन करून विचारलं, "बापू, त्या ॲपवर माणूस आत कसा जाते?"

त्यानं सांगितलं तसं केलं. नाव टाका म्हणे. मी टाकलं, 'कचरू'. राव-बिव काही नाही. उकंडाच्या त्या उत्तराखाली गेलो अन् एका बोटानं लिहिलं, 'दोन टोपणं ह्यायले मी सांगितली होती. माझं औषधाचं दुकान आहे. बत्तीस वर्षं मी न मोजता सांगत आलो. आता प्रत्येक बाटलीसंग पेला देतो.' दाबलं अन् मोबाईल गल्ल्यात टाकून कुलूप लावलं, जसा काही तो चावणार होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो न उघडतो तं उकंडा आला. लाल झाला होता रागानं. "काऊन लिहिलं बे? कोणं सांगितलं होतं तुले? लायसन जाईन ना तुहं!"

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणते! अकलेचा कांदा!" त्यानं काउंटरवर हात आपटला. मंग सरळ खोक्याजवळ गेला, एक पेला उचलला, शेल्फावरची लिटरची बाटली काढली, तिचं टोपण पाण्यानं भरलं अन् पेल्यात ओतून पाह्यलं. सव्वीस. मंग एक गिऱ्हाईक येईस्तोवर थांबला. मी त्याले बाटली दिली, संग पेला दिला, मिलीत माप सांगितलं. उकंडानं ते सारं कान देऊन ऐकलं अन् निघून गेला.

दुपारी गल्ल्यातून मोबाईल काढला तं माह्या त्या चार ओळीखाली एक हिरवं पान आलं होतं. बोट ठेवून पाह्यलं कोणाचं. उकंडरावचं होतं, चार वर्षातलं आठवं.

आता रोज सकाळी दुकान उघडलं की अगरबत्तीच्या आधी मी मोबाईल उघडतो, ते आहे ना, पाहाले.